सुटा फोटो

उंच जागेची भीती मला कधी वाटली नाही, कारण मी कधी कुठं चढलेच नाही. माझी सगळी चढाई अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, डेव्हलपरच्या तबकात झाली. आमचे हे टॉवरवर जाऊन फोटो काढून आणायचे आणि खाली मी ते धुऊन काढायची. पाण्यात कागद हलवला की आधी लोखंड उमटायचं, मग त्याला धरून उभी असलेली माणसं. आभाळ उमटायचंच नाही. ते शेवटपर्यंत कोऱ्या कागदाचंच राहायचं.

चिंचवड स्टेशनजवळ, मुंबई-पुणे रस्त्याला लागून आमचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणायचं आपलं. पुढच्या खोलीत कारंजं रंगवलेला एक पडदा आणि एक खुर्ची, मागच्या खोलीत एका बाजूला अंधारी खोली आणि उरलेल्या जागेत आमचा संसार. फोटो काढणं ह्यांचं काम आणि बिघडलेलं निस्तरणं माझं. म्हणजे रिटचिंग. बारीक कुंचला घेऊन देवीचे वण पुसायचे, मिटलेले डोळे उघडायचे, शर्टाला नसलेलं बटण लावायचं. त्या काळात लग्नाला उभ्या असलेल्या अर्ध्या पिंपरीची नाकं मी सरळ केली आहेत. कुणी कधी आभार मानले नाहीत, कारण प्रत्येकाला वाटायचं आपलं नाक मुळातच सरळ आहे.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. सगळीकडे कंपन्या उभ्या राहत होत्या, आणि निगडीच्या पुढे माळावर हा टॉवर उभा राहायला लागला. तो रेडिओचा की टेलिव्हिजनचा यावर आमच्या आळीत भांडणं व्हायची, आणि भांडणाऱ्यांपैकी कुणाच्याच घरात टेलिव्हिजन नव्हता. कंत्राटदाराला दर महिन्याला कामाचे फोटो हवे असायचे. ते काम ह्यांना मिळालं. हे जन्मात कधी आंब्याच्या झाडावर चढले नव्हते, पण कॅमेरा गळ्यात अडकवला की माणूस बदलायचा. कंबरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला लोखंडी आकडा. तो आकडा टॉवरच्या पट्टीला अडकवत, सोडवत, पुन्हा वर अडकवत हे चढायचे. घरी आले की दोन घास खाताना हात थरथरायचे. मी म्हणायची, "एवढी फाटते तर जाता कशाला?" हे म्हणायचे, "वरून काय दिसतं ते तुला काय कळणार?"

पण दिसायचं मला. तबकात सगळं यायचं. कंपन्यांची करवतीसारखी छपरं, रावेतच्या बाजूची नदीकाठची शेतं, रस्त्यावरचे मुंगीएवढे ट्रक, आणि हवा स्वच्छ असली तर पार देहूच्या डोंगरापर्यंतचा मुलूख.

त्या टॉवरवर काम करणारी माणसं बहुतेक बाहेरची होती. एक टॉवर संपला की बोचकं उचलून दुसऱ्या टॉवरला जाणारी. त्यांच्यात एकच जण इथला होता, महाळुंग्याचा. आधी खाली दोर ओढायला लागला होता, मग मुकादमाच्या लक्षात आलं की हा चिंचेवर चढावं तसा सहज वर जातो. उंचापुरा, हसरा, लग्न होऊन दोन वर्षं झालेला. घरी म्हातारी आई आणि बायको. दुकानात आला की मला वहिनी म्हणायचा आणि पडद्यावरच्या कारंज्याकडे बघून म्हणायचा, "वहिनी, ह्याला पानी कवा सोडनार?"

पहिल्याच महिन्यात त्याने ह्यांना वर एक फोटो काढायला लावला. पाठीमागे आपल्या गावाची बाजू यायला पाहिजे, असा हट्ट. हे कुरकुरले, पण कंत्राटदाराच्या रोलमधला एक फोटो त्याच्यासाठी काढला. मला तो फोटो अजून डोळ्यांसमोर दिसतो. आडव्या पट्टीवर बसलेला, हाताची घडी घातलेली, कंबरेला रुंद चामडी पट्टा आणि पट्ट्याचा दोर शेजारच्या खांबाला. मागे इंद्रायणीपलीकडचा धुरकट पट्टा. तिथं कुठंतरी महाळुंगे. एक प्रिंट करून दिली. तो खूश होऊन घेऊन गेला.

पुढच्या रविवारी आला तो तोंड पाडून. म्हणाला, "आईनं फोटो बघितला आन रडायलाच लागली. म्हनली, माज्या लेकराला त्यांनी बांधून घातलंय. दावनीला बैल बांधत्यात तसा. कितीबी सांगितलं तरी तिला पटंना." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, एक सुटा काढा ना. फोटोपुरताच आकडा सोडतो."

मी आतून ओरडले, "डोकं फिरलंय का तुमचं?" तो हसला. "फोटोपुरतंच, वहिनी. हाताला काय झालंय का माज्या? फोटो झाला की परत अडकवतो."

आणि तो सुटा फोटो निघाला, या वेळी आमच्या स्वतःच्या रोलवर. पट्टा काढून बाजूला टांगलेला, चौकटीच्या बाहेर. एका हाताने खांब धरलेला, दुसरा हात गावाकडे लांब केलेला. वाऱ्याने शर्ट फुगलेला. खोटं कशाला बोलू, फोटो सुंदर आला होता. घरी आई खूश झाली. टॉवरवर बाकीच्यांनी बघितला आणि मग प्रत्येकालाच सुटा पाहिजे झाला. कुणाला मुलगी बघायची होती, कुणाला भावाला दाखवायचा होता. बांधलेला माणूस फोटोत बरा दिसत नाही, हे त्या लोकांनी आपसात ठरवूनच टाकलं. मुकादमाचाही सुटाच निघाला, वर त्याने कुणाचा तरी गॉगल मागून घेतला होता. एवढी उंची आणि अंगावर दोरी नाही! आमच्या ह्यांनी त्यातले चांगले चार मोठे करून दुकानाच्या काचेत लावले. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. महाळुंगेवाला मधोमध होता.

काम करताना मात्र ते सगळे पट्टा बांधायचे. हे मी ह्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि कंत्राटदाराच्या फोटोंतही बघितलेलं आहे. पाठमोरी, वाकलेली, बोल्ट आवळणारी माणसं, आणि प्रत्येकाच्या कंबरेपासून निघालेली एक रेघ.

महाळुंगेवाला पडला तो दुपारी, जेवणाची सुट्टी संपल्यावर. तेव्हा हे दुकानातच होते, एका बारशाचे फोटो कापत बसले होते. म्हणजे फोटोसाठी आकडा सोडला आणि पडला, असं काही घडलेलं नाही. लोकांनी नंतर तसंच पसरवलं, म्हणून आधीच सांगून ठेवते. तो काम करत होता आणि पट्टा कंबरेला होता. त्याच्या शेजारी काम करणाऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी आमच्या मागच्या दाराशी उभं राहून हे सांगितलं. पट्टा जिथं बकलाला शिवलेला असतो, तिथंच तो उसवला. जुना माल होता. दोर वरती तसाच लोंबत राहिला आणि माणूस खाली गेला. खाली धावत गेले तेव्हा अर्धा पट्टा अंगावर होता, म्हणाला. ताडपत्रीत घालून जीपमध्ये ठेवला, आणि पंचनाम्याच्या वेळी अंगावर काही नव्हतं. वरचा दोरही नव्हता. कुणी काढला ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आठ दिवसांत त्या माणसाची दुसऱ्या राज्यातल्या टॉवरवर रवानगी झाली.

त्याच सुमाराला एक नीटनेटका गृहस्थ दुकानात आला. काचेतले फोटो बघून म्हणाला, फार छान काम आहे, या चारही फोटोंच्या कॉप्या द्या. आमच्या ह्यांना स्तुती म्हणजे मांजराला लोणी. त्यांनी त्याच दिवशी करून दिल्या. तो कंत्राटदाराचा माणूस होता हे नंतर कळलं.

चौकशी लागली. कंत्राटदाराचं म्हणणं सरळ होतं. आम्ही पट्टे दिले होते, पण ही माणसं बांधतच नव्हती. हा बघा पुरावा. फोटो खोटं बोलत नाही.

महाळुंगेवाल्याची बायको तिच्या भावाबरोबर आमच्या दुकानात आली तेव्हा मला हे सगळं समजलं. लहानखुरी, सावळी, वीस-बावीस वर्षांची असेल. ती काचेतल्या फोटोसमोर उभी राहिली आणि आत येईना. मी बाहेर जाऊन तिला हाताला धरून आणलं आणि आत आल्यावर ह्यांना म्हटलं, आधी ते फोटो काढा तिथून. भाऊ सांगत होता की चूक त्याची ठरली तर भरपाई नाही, आणि बहिणीला कंत्राटदाराच्या गोदामात काम देऊ म्हणाले होते तेही नाही. ती मात्र दुसरंच बोलली. "ताई, गावात म्हनत्यात, फोटो काढायच्या मस्तीत मेला. जन्मभर मला हेच ऐकायचंय का?"

आमच्या ह्यांचं तोंड उतरलं. ते नुसते हातातला कापडाचा तुकडा पिळत बसले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

तेव्हा मला तो पहिला फोटो आठवला. बांधलेला. त्याची निगेटिव्ह मिळणार नव्हती, कारण तो रोल कंत्राटदाराचा होता आणि हे नियमाने सगळ्या निगेटिव्ह आणि कामाचे फोटो त्याला देऊन मोकळे झाले होते. आता त्याच्याकडे मागायला जाणं म्हणजे कोल्ह्याला कोंबडीचा पत्ता सांगणं. पण प्रिंट महाळुंग्याला होती. एक जरी फोटो असा दाखवता आला, की हा माणूस पट्टा बांधतो, आणि सुटे फोटो ही वरची हौस आहे, तर निदान बोलायला तोंड राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या दोघांबरोबर निघाले. भोसरी, मोशी, मग चाकणपर्यंत एसटी आणि पुढे पायी. आज तिथं कंपन्यांच्या भिंती संपत नाहीत. तेव्हा कांदा, बाजरी आणि बोडका माळ. वाटेत ती एकदाच बोलली. म्हणाली, "फोटो हाय. आत्यानं पेटीत ठेवलाय, मी बघितलाय ठेवताना." सासूला ती आत्या म्हणायची. माझ्या जिवात जीव आला.

म्हातारी ओट्यावर बसली होती. एका डोळ्यात फूल पडलेलं, दुसराही पाणावलेला. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला शेजारी बसवून घेतलं. फोटो मागितला तर उठून आत गेली आणि लोखंडी पेटीतून लुगड्याच्या घडीत ठेवलेला फोटो घेऊन आली.

तोच फोटो. आडवी पट्टी, हाताची घडी, मागे धुरकट गाव. आणि कंबरेपाशी काहीच नाही. काहीच नाही म्हणजे कागदाचं पांढरं पोट. पट्टा जिथं होता तिथून दोर जिथं खांबाला पोचत होता तिथपर्यंत, एकसारखं, काळजीपूर्वक खरवडलेलं. मी हातात फोटो धरून बसले.

"सुईनं काडलं मी," म्हातारी म्हणाली. "उन्हात बसून. दिसत न्हाई नीट, पर त्येच्या अंगाला सुई लागू दिली न्हाई बघ. कुटं लागलीय का?"

कुठंच लागली नव्हती. शर्टाची चुणीसुद्धा शाबूत होती. इतकं साफ काम मला धंद्यात असून जमलं नसतं. सून भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. म्हातारीला कळेना की झालं काय. तिने सुनेला विचारलं, मला विचारलं. शेवटी भावाने तिला सांगितलं. म्हातारी आपला उजवा हात बघत म्हणाली, "म्या त्येला सोडवला व्हता."

परत येताना फोटो माझ्या पिशवीत होता आणि डोक्यात एकच विचार. पट्टा कुंचल्याने परत रंगवायचा. हे काम माझं आहे. आहे ते पुसायचं आणि नाही ते दाखवायचं, यातच तर माझी वर्षं गेली. आणि इथं तर नसलेलं काही काढायचं नव्हतं, असलेलंच परत ठेवायचं होतं. घरी येऊन मी कुंचले मांडले. ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "चौकशीचा साहेब भिंग घेऊन बसतो. रंगवलेलं पकडलं गेलं तर तिचं सगळंच खोटं ठरेल, आणि आपण जाऊ आत." मी म्हटलं, "काचेतले चार खरे फोटोच आता खोटं बोलतायत, ते चालतं?" आमचं कडाक्याचं वाजलं. शेवटी त्याची बायको आली तेव्हा तिलाच विचारलं. ती म्हणाली, "जसा हाय तसाच दाखवू. आमच्याकडनं खोटं नको." मी कुंचले परत डब्यात ठेवले.

चौकशीच्या खोलीत टेबलावर सगळे फोटो पसरले होते. चार सुटे, चकचकीत, आमच्या दुकानाचा शिक्का मागे. आणि एक खरवडलेला. साहेबांनी ह्यांना विचारलं, हे फोटो तुम्ही काढले? हो. यात कुणी पट्टा बांधला आहे? नाही, पण साहेब, ते फोटोपुरतं... विचारलं तेवढंच सांगा. मग खरवडलेला फोटो उचलून साहेब म्हणाले, यात खाडाखोड आहे. हे सांगायला लागले की इथं पट्टा होता, मीच फोटो काढला आहे. साहेब म्हणाले, असेलही, पण आता तो दिसत नाही.

मी मागच्या बाकावर होते. मला राहवलं नाही. मी उभी राहून म्हटलं, "साहेब, लग्नाच्या फोटोत नवरा फेटा बांधून बसतो. म्हणून काय तो रोज फेटा बांधून कामाला जातो? फोटोतला माणूस आणि कामावरचा माणूस एक नसतो हो. आमचा धंदाच त्यावर चाललाय!"

एक-दोघं हसले. साहेबांनी विचारलं, या बाई कोण? मला बाहेर जाऊन उभं राहायला सांगितलं. मी व्हरांड्यात दाराला कान लावून उभी राहिले. आत मुकादम साक्ष देत होता, की ही माणसं पट्टा बांधतच नव्हती. हाच मुकादम गॉगल लावून सुटा बसला होता, पण तो फोटो टेबलावर नव्हता.

निकाल लागला. कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. भरपाई नाही, गोदामातलं कामही नाही. ती पुढे चाकणला कांदे निवडायला जाऊ लागली असं कळलं. टॉवर पुरा झाला. त्याच्या डोक्यावर लाल दिवा लागला. आमच्या आळीत दोन घरांत टेलिव्हिजन आले आणि लोक संध्याकाळी चपला बाहेर काढून आत गर्दी करू लागले. मी कधी गेले नाही. ह्यांनीही पुन्हा उंचावरचं काम घेतलं नाही. काचेत बारशाचे आणि मुंजीचे फोटो लागले.

बऱ्याच दिवसांनी ती आली. हातात लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला तोच फोटो. चौकशीवाल्यांनी तो परत दिला होता. म्हणाली, "आत्यानं धाडलंय. ती म्हनती, पट्टा परत काडून द्या."

"आता?" मी विचारलं.

"मीबी तेच म्हनलं. पर ती ऐकंना. जेवत न्हाई धड."

या वेळी ह्यांनी माझा हात धरला नाही. मी कुंचला घेतला आणि अडले. पट्टा मला आठवत होता, पण बकल कुठल्या बाजूला, दोराला पीळ कसा, चामड्याची दुमड कुठं पडत होती, ते आठवेना. मी एवढंच म्हटलं, "नीट आठवत नाही." हे उठले. वाळत घालायची दोरी काढून कंबरेला गुंडाळली, दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलं, स्टुलावर बसले आणि हाताची घडी घातली. "बकल इथं, डावीकडे. दोर असा, जरा सैल." मी काढत गेले. दिवस कलेपर्यंत हे तसेच बसून होते. मधे गिऱ्हाईक आलं तर बसल्या जागेवरून म्हणाले, "आज बंद आहे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हाताची घडी काही त्यांनी सोडली नाही.

फोटो द्यायला मी स्वतः महाळुंग्याला गेले. म्हातारीच्या दुसऱ्या डोळ्यातही तोवर फूल पडलं होतं. तिला उजेड-अंधार सोडून फारसं काही कळत नव्हतं. तिने फोटो मांडीवर घेतला आणि बोटाने चाचपायला लागली. आधी कडा, मग मधे, मग बरोबर कंबरेपाशी येऊन बोट थांबलं. खरवडलेल्या जागेवर रंग बसला की तिथं कागद किंचित खडबडीत लागतो. तिथूनच बोट हळूहळू खांबापर्यंत गेलं आणि परत आलं.

"बांधला का गं?"

"हो आई. बांधला."

"आवळून बांधला ना? सैल न्हाई ना ठेवला?"

दोर सैल होता. फोटोत तसाच होता, म्हणून मी तसाच काढला होता.

"आवळून बांधलाय," मी म्हटलं.